ऐकणे हा गुन्हा नव्हे

न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने गाडीत पोलिसांच्या लहरी पकडणारा रेडिओ स्कॅनर बसवला, तर तेवढ्याने तो गुन्हेगार ठरत नाही. असे यंत्र जवळ ठेवून कोणी गुन्हा केला किंवा करू पाहिला, तरच तिथला कायदा हरकत घेतो. तोच माणूस हॉलंड बोगद्यातून हडसनच्या पलीकडे मॅनहॅटनला पोचला, की मात्र अडचणीत येतो. न्यूयॉर्कच्या वाहन व वाहतूक कायद्याच्या 397 व्या कलमाप्रमाणे असा रेडिओ परवान्यावाचून गाडीत बसवणे किंवा अशी गाडी जाणूनबुजून वापरणे हाच गुन्हा आहे. शिक्षा एक हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सूट आहे ती पोलिसांना आणि परवानाधारक हौशी रेडिओचालकांना. फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी आणि मिनेसोटा या राज्यांतही, तपशील वेगळे असले तरी, गाडीतल्या स्कॅनरवर अशीच बंधने आहेत. घरी बसून मात्र हेच बोलणे खुशाल ऐकावे.

घर आणि गाडी यांत हा फरक का झाला, हे समजून घेतले पाहिजे. डेट्रॉइटच्या पोलिसांनी 1928 मध्ये गस्तीच्या गाड्यांना बिनतारी संदेश द्यायला सुरुवात केली. त्या काळचे पोलिसी संदेश नेहमीच्या प्रसारणपट्ट्याच्या अगदी शेजारी असत; घरचा रेडिओ थोडा सरकवला की ते ऐकू येत. दरोडा घालून मोटारीने पळणाऱ्याच्या हाती हेच ज्ञान गेले तर पाठलागाला अर्थ उरत नाही, ही तेव्हाच्या कायदेकर्त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्याच काळात, 1938 मध्ये, आर्थर फेलिग या छायाचित्रकाराला न्यूयॉर्कमध्ये गाडीत पोलिसांचा रेडिओ ठेवण्याची परवानगी मिळाली. ‘वीजी’ नावाने जग त्याला ओळखते. आगी, अपघात, खून यांच्या जागी तो इतरांच्या आधी पोचे. त्या शहराची रात्र आज आपल्याला दिसते ती बऱ्याच अंशी गाडीतल्या त्या रेडिओमुळे.

आता खिशातल्या मोबाइलवर अमेरिकेतल्या अनेक गावांच्या पोलिसांचा आणि अग्निशमन दलांचा संवाद इंटरनेटवरून ऐकता येतो. पळून जाणाऱ्या चोराला गाडीत यंत्र बसवण्याची गरजच राहिलेली नाही. अशा वेळी 397 व्या कलमाच्या तावडीत सापडतो तो स्वयंसेवी अग्निशामक, स्थानिक वार्ताहर किंवा वादळाची हालचाल कानाने टिपणारा हौशी माणूस. हातात धरायच्या यंत्रामुळे गाडी कायद्याच्या अर्थाने ‘सज्ज’ होते की नाही, यावर न्यायालयांना खल करावा लागला. गुन्हा शोधण्याऐवजी कायदा यंत्राची जागा मोजत बसतो. न्यू जर्सीने धरलेला मार्ग आम्हाला योग्य वाटतो: दुष्कृत्यासाठी यंत्र वापरले तर कठोर शिक्षा करा, नुसते ऐकणाऱ्याला सोडा.

पोलिसांची काळजी आम्ही हलकी मानत नाही. 2013 मध्ये बॉस्टनच्या बॉम्बस्फोटानंतर संशयितांचा शोध सुरू असताना लोक स्कॅनरवर ऐकलेले समाजमाध्यमांवर टाकू लागले, आणि तसे करू नका, असे पोलिसांना सांगावे लागले. मुंबईला तर ही जखम ठाऊक आहे. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली दूरचित्रवाणीवर थेट दिसत होत्या आणि सीमेपलीकडचे सूत्रधार त्या पाहत होते. त्या हल्ल्याबद्दलच्या कसाब खटल्याच्या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर वाहिन्यांना खडसावले. अशा मोहिमेचा संवाद बंद ठेवावाच. पण न्यूयॉर्क पोलिसांनी 2023 पासून नेहमीच्या गस्तीचे संदेशही सांकेतिक करायला घेतले आहेत. अपघात कुठे झाला, मदत किती वेळात पोचली, पोलीस लोकांबद्दल कोणत्या भाषेत बोलतात, हे त्या रेडिओमुळे कळत होते. शिकागोने निदान अर्ध्या तासाच्या विलंबाने तरी संवाद खुला ठेवण्याची वाट काढली. ती पुरेशी नाही, पण पूर्ण शांततेपेक्षा बरी आहे.

आपल्याकडे चित्र आणखी कठोर आहे. 1933 च्या ब्रिटिशकालीन बिनतारी कायद्याने परवान्यावाचून यंत्र नुसते बाळगणे हाच गुन्हा ठरवला. पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे पैसे भरल्याचे साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. ते ओझे ऐंशीच्या दशकात गेले, 2023 मध्ये नवा दूरसंचार कायदाही आला, पण संशयाची दृष्टी गेली नाही आणि नियमांची भाषा सोपी झाली नाही. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांना वॉकी-टॉकीबद्दल नोटिसा द्याव्या लागल्या, कारण परवाना लागतो की नाही हे ग्राहकाला सांगितलेच जात नव्हते. घाटात जीप घेऊन जाणारा गिर्यारोहकांचा गट असे संच बेधडक मागवतो. 446 मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यातले कमी शक्तीचे संच परवानामुक्त आहेत आणि बाकीच्या बहुतेकांना परवाना लागतो, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचवणे हे सरकारचे काम आहे. कोणते यंत्र गाडीत ठेवता येते, कोणत्या लहरी नुसत्या ऐकल्या तर चालतात आणि कोणत्या नाहीत, हे दूरसंचार खात्याने एका पानात, मराठीसह प्रत्येक भाषेत छापावे आणि ते पान प्रत्येक खोक्यात घालणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे.