दोन साप, एक पेटी

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहानखुरा अजगर. घाबरला की डोके आत घेऊन तो स्वतःचा चेंडू करतो, त्यावरूनच हे नाव पडले. कॅनडातील विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाच्या मॉर्गन स्किनर, नोम मिलर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये या सापावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा आधार घेऊन ‘सापांनाही सोबत हवी असते, तेव्हा पाळीव साप एकत्रच ठेवावेत’ असे सांगणारे आता भेटू लागले आहेत. निबंध उत्तम आहे. त्यातून काढलेला हा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

प्रयोग साधा होता. मोठ्या पेटीत काही तरुण अजगर सोडले आणि प्रत्येकाला स्वतंत्र मिळेल इतके आडोसे ठेवले. तरीही ते एकाच आडोशात दाटीवाटीने जाऊन बसले. त्यांचा आवडता आडोसा काढून घेतल्यावरही ते पुन्हा एकत्रच जमले. याआधी २०२३ मध्ये अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठातील अभ्यासकांना असे आढळले होते की, भेदरलेल्या रॅटलस्नेकशेजारी दुसरा रॅटलस्नेक असेल तर त्याच्या हृदयाचे ठोके तुलनेने कमी वाढतात. साप म्हणजे एकलकोंडा प्राणी, हे पाठ्यपुस्तकी वाक्य आता जपूनच लिहावे लागेल.

परंतु या प्रयोगाचे सारे बळ एका अटीत आहे : आडोसे पुरेसे होते. घरातल्या काचेच्या पेटीत सहसा लपायची एक जागा असते आणि उबेचा एक कोपरा. तेथे दोन साप एकावर एक पहुडलेले दिसले, तर ती जवळीक आहे की एकाच जागेवरचा दोघांचा दावा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. वरचा साप ऊब घेतो, खालचा दबून राहतो आणि मालक कौतुकाने छायाचित्र काढतो.

सापांच्या बाबतीत आपला डोळा फसतो, याचा पुरावा आपल्या शेतांच्या बांधावरच आहे. दोन साप अर्धे अंग उभारून एकमेकांना विळखे घालताना दिसले की नाग आणि धामण यांचे मीलन चालले आहे, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. प्रत्यक्षात ते दोन्ही धामणीचे नर असतात आणि ती झुंज असते.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात भारतीय अजगर साळिंदरांच्या बिळांच्या आश्रयाला येतात. एकाच बिळाच्या तोंडाशी अनेक अजगर ऊन खात पडलेले दिसतात. अजगराला स्वतः बीळ खणता येत नाही आणि थंडी टळत नाही. ऋतू पालटला की ते पांगतात. निसर्गातल्या एकत्र राहण्याला पांगण्याची मुभा असते. चार फुटी पेटीत ती नसते, आणि माझ्या मते हाच निर्णायक फरक आहे.

व्यवहारातली कारणे याहून रोकडी आहेत. दोन सापांनी एकच उंदीर दोन टोकांकडून गिळायला सुरुवात केली, तर एक दुसऱ्यालाही गिळू लागतो. पेटीत ओकलेले भक्ष्य सापडले, तर आजारी कोण हे कळत नाही. नर-मादी एकत्र असतील, तर पिल्ले नको असतानाही अंडी होतात. रोगांचे तर विचारूच नका. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी विष्ठेतून पसरतो, रक्तपिपासू माइट एका सापावरून दुसऱ्यावर जातात. रेप्टारेनाव्हायरस हा विषाणू अनेक बोआंच्या अंगात लक्षणांविना राहतो, पण अजगराला लागला तर मज्जासंस्थेवर घाला घालतो. म्हणून बोआ आणि अजगर एकत्र ठेवणे हा शुद्ध अविचार होय. (नागराजाचा प्रश्नच उद्भवत नाही, त्याच्या ओफिओफॅगस या प्रजातिनामाचा अर्थच ‘साप खाणारा’.)

तेव्हा पाळीव साप वेगवेगळेच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ‘साप एकटाच राहतो, त्याला काय लागते’ म्हणत त्याला अंगही ताणता येणार नाही अशा प्लास्टिकच्या डब्यात आयुष्यभर कोंबणाऱ्यांनी या मताचा आधार घेऊ नये. स्किनर-मिलर यांचा निबंध खरे तर त्यांनी वाचायला हवा.

भारतात हा प्रश्न वाटतो तितका हौशी नाही. नाग, धामण, घोणस, अजगर हे आपले साप घरी पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे; चर्चा उरते ती परदेशी सापांची. बॉल पायथन साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२च्या कायदादुरुस्तीने आणि त्यानंतर आलेल्या २०२४च्या नियमांनी अशा प्राण्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली आहे. दुसरीकडे, बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात कापडी पिशव्यांत कोंबलेले अजगर चेन्नई, मुंबई, बेंगळुरूच्या विमानतळांवर सापडतच असतात. त्यांचा आजारपणाचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो, आणि जागा मात्र तातडीने हवी असते.

अशा सापांना पहिल्या दिवसापासून स्वतंत्र पेटी, स्वतंत्र पाण्याचे भांडे, विष्ठेची तपासणी आणि काही महिन्यांचे विलगीकरण मिळाले पाहिजे. त्यातून निरोगी ठरलेल्यांना पुढे प्रशस्त जागेत, सापांच्या संख्येपेक्षा अधिक आडोसे ठेवून, खाणे मात्र वेगळे देऊन, एकत्र सोडून पाहता येईल. कोण कोणाजवळ जाते आणि कोण दूर राहते याची रोजची नोंद ठेवली, तर कॅनडातला प्रयोग आपल्याकडे पडताळून पाहता येईल. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हा विषय पुरून उरेल.