घोषणेचा भाव

कृत्रिम बुद्धिमत्तेचा अंगीकार केल्याने कंपनीचे बाजारमूल्य वाढते, असा समज रूढ होऊ पाहत आहे. वस्तुतः बाजार जो भाव देतो तो बहुधा अंगीकाराला नव्हे, घोषणेला. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील बझफीड या माध्यम कंपनीने मजकूरनिर्मितीसाठी ओपनएआयचे तंत्र वापरण्याचे ठरविल्याची वार्ता येताच तिच्या शेअरचा भाव एका दिवसात दुपटीहून अधिक झाला. तिमाही उलटली नाही तोच तो पूर्वीच्याही खाली घसरला आणि कंपनीने आपला बातमी विभाग बंद करण्याचे जाहीर केले! याउलट विद्यार्थ्यांना अभ्यासात साहाय्य विकणाऱ्या चेग कंपनीच्या प्रमुखांनी मे २०२३ मध्ये, चॅटजीपीटीमुळे नव्या ग्राहकांच्या वाढीवर परिणाम होत असल्याची कबुली दिली. एका दिवसात भाव जवळजवळ निम्म्यावर आला. तो मात्र पुन्हा सावरला नाही.

असे का व्हावे? जे यंत्र एका कंपनीला विकत मिळते ते तिच्या प्रतिस्पर्ध्यालाही मिळते. दोघांचाही खर्च उतरला की स्पर्धेपायी दर उतरतात आणि लाभ ग्राहकाच्या पदरी पडतो. टिकाऊ नफा उरतो तो दुर्मिळ साधन विकणाऱ्याकडे. एनव्हिडियाचे मूल्य ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटी डॉलरवर गेले ते यामुळेच. अर्थात २७ जानेवारी २०२५ रोजी, डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त प्रारूपाच्या धास्तीने, याच एनव्हिडियाचे सुमारे ५९ हजार कोटी डॉलर एका दिवसात लुप्त झाले होते.

आपल्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची अडचण याहून बिकट आहे. त्यांचे देयक अद्याप पुष्कळ प्रमाणात माणसे आणि त्यांचे तास मोजून आकारले जाते. तास वाचले की परदेशी ग्राहक दरात कपात मागणार. म्हणजे कार्यक्षमता वाढावी आणि महसूल घटावा, असा हा पेच. त्याची झळ केवळ सट्टेबाजांना लागेल असेही नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना २०१५ पासून नव्या ठेवींचा काही अंश निर्देशांकाधारित फंडांत गुंतवते, आणि निफ्टी व सेन्सेक्स या दोहोंत या कंपन्या आहेत. दलालाचे तोंडही न पाहिलेला गिरणी कामगार अशा रीतीने त्यांचा भागीदार झाला आहे.

अमेरिकेच्या रोखे नियामकाने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी खोटे दावे करणाऱ्या दोन गुंतवणूक सल्लागार संस्थांना मिळून ४ लाख डॉलरचा दंड केला. दंड किरकोळ, पण दिशा योग्य. सेबीने आणखी पुढे जावे. या तंत्रावर किती खर्च झाला, किती तास वाचले आणि त्यांतील किती बचत ग्राहकाला द्यावी लागली, हे तिन्ही आकडे वार्षिक अहवालात स्वतंत्रपणे छापण्याचे बंधन तिने प्रत्येक सूचिबद्ध कंपनीवर घालावे.