रीड-ओन्ली किनारा

सिडनीत नवीन आलेला आपला माणूस पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत मॅनलीची फेरी पकडतोच. सर्क्युलर कीहून अर्धा तास. बहुतेक मंडळी तिथल्या मोठ्या बीचवर फोटो काढतात आणि परत फिरतात. माझं म्हणणं, समुद्राकडे तोंड करून उजवीकडे वळा आणि पाण्याच्या कडेने पंधरा-वीस मिनिटं चाला. शेली बीच लागेल.

हा किनारा चक्क पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला हे दुर्मिळच. जमिनीचं टोक आडवं येतं, त्यामुळे मोठ्या लाटा आत शिरत नाहीत. सर्फर शेजारी फेअरी बोवरला, डायव्हर पाठीवर सिलिंडर लावून खोलात, आणि माझ्यासारखे स्नॉर्कलवाले काठाजवळ पाण्यात तोंड घालून. तिकीट वगैरे काही नाही.

आणि मासे किती! ब्लू ग्रोपर नावाचा मोठा निळा मासा तर ओळखीचा असल्यासारखा मागे मागे येतो. हे मासे आधी मादी असतात, पुढे त्यातले काही नर होतात आणि निळे दिसतात. असा धीट मासा भाल्याला सहज बळी पडतो, म्हणून न्यू साउथ वेल्समध्ये १९६९ पासून त्याला भाल्याने मारायला बंदी आहे.

पण खरी गंमत २००२ मध्ये झाली. हा सगळा कॅबेज ट्री बे, जेमतेम २० हेक्टर, राखीव झाला. गळ नाही, जाळं नाही, भाला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रीड-ओन्ली परमिशन. बघा हवं तेवढं, बदलू काही नका.

'आमचा हक्क गेला' अशी तक्रार हौशी मासेमार अशा ठिकाणी करतातच. मला ती पटत नाही. एवढ्या लांबलचक किनाऱ्यातला एक तुकडा सोडायचा, बस्स. आणि ग्रोपरसारखा मासा आपला खडक सोडून फारसा लांब जात नाही, त्यामुळे छोटा तुकडाही त्याला पुरतो. फिरस्त्या माशांना नाही पुरत, हेही खरं.

मग हाच नियम उचलून आपल्याकडे नेऊया? इथे जरा थांबा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्येच जाहीर झालंय, सुमारे २९ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण तिथे जाळं म्हणजे रविवारची हौस नाही, रोजची चूल आहे. मॅनलीत शनिवारचा छंद गेला तर माणूस फार तर चिडतो. मालवणात दर्या बंद झाला तर घर बसतं. दोन्हीला एकच फूटपट्टी कशी लावणार?

म्हणून माझं मत असं: नियम कॉपी-पेस्ट करू नका, त्यामागची पद्धत घ्या. तुकडा लहान ठेवा, हद्द काठावरून दिसेल अशी आखा. आणि ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे, त्याला नकाशा काढायच्या आधी बोलवा. स्नॉर्कलिंगला येणाऱ्या पर्यटकांच्या पैशात त्याचा वाटा काय, हेही तेव्हाच ठरवा. नुसतं बघायला मासा शिल्लक राहावा असं आपल्याला वाटत असेल, तर त्याची किंमत एकट्या मच्छीमाराने का मोजायची?

बघा, पटतंय का.