नाथसागराचे पाहुणे आणि गाळपेर

थंडी पडली की पैठणच्या नाथसागरावर रोहित, पट्टकादंब उतरतात. पट्टकादंब तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. तिकडे पाणी गोठते. इथे ऊब, उथळ पाणी अन् चारा मिळतो. मुक्काम कुठे टाकायचा, हे पाखरू असे पोट पाहून ठरवते. १९८६ साली इथे पक्षी अभयारण्य झाले. पण पाणी हटले की गाळपेरीचा हरभरा थेट काठापर्यंत जातो, अन् मागोमाग फवारणीचा पंपही. शेतकरी बंधूंनो, छत्रपती संभाजीनगरची घागर याच पाण्याने भरते. काठालगतचा पट्टा मोकळा सोडा. घाटे अळी दिसली तर आधी निंबोळी अर्क फवारा. सरपंच-तलाठी मंडळींनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. पाखरू दुसरे पाणी शोधील. आपण कुठे जाणार?