भूजल कोणाच्या मालकीचे?

जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचेच, हा दंडक 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने घालून दिला. भूजलशास्त्राने त्याचा आधारच काढून घेतला आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसाल्टचा. त्याच्या भेगाळ, सच्छिद्र थरांत मुरलेले पाणी शेताचा बांध ओळखत नाही. 2002 पासून उपग्रह गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकावरून भूजलाची घट मोजतात. 2012 पासून देशभर जलधरांचे नकाशे होऊ लागले. पण नकाशामुळे कोणाचा पंप थांबत नाही. खोल विंधन विहिरीसाठी ज्याच्यापाशी भांडवल आहे, तो शेजाऱ्याची उथळ विहीर कायदेशीरपणे आटवतो. (विजेची सवलतही पंपवाल्यालाच!)

1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमध्ये उभारलेल्या पाणी पंचायतीने माणशी अर्ध्या एकराचे पाणी ठरवले, भूमिहीनांचाही हक्क मानला आणि ऊस वर्ज्य केला. राज्याचा 2009 चा भूजल कायदा 2014 मध्ये अमलात आला. 60 मीटरांहून खोल विहिरींना त्यात मनाई आहे. तरीही यंत्रांची घरघर चालूच आहे. कार्यकर्त्यांनी जलधराचा नकाशा ग्रामसभेत मांडावा, आणि पिकांचा निर्णय होताना भूमिहीन मजूर तिथे हजर असतील हे पाहावे.