मागे राहिलेली प्रतच तारते

दिवाळी अंकाची घाई ऐन भरात असताना रात्री साडेदहाला एका छापखान्यातून फोन आला. "अहो, पानं कोरी दिसतायत." गेलो. डीटीपी करणाऱ्या मुलाला गेल्या वर्षीचा साचा उघडायचा होता. उघडली गेली ती यंदाची, चोवीस पानं लावून झालेली फाइल. त्याने मजकूर पुसला, सवयीने कंट्रोल-एस दाबलं आणि प्रोग्राम बंद केला. मालक मात्र निवांत होते. "घाबरायचं काय त्यात? फाइल तीन ठिकाणी आहे." एक त्या मुलाच्या कॉम्प्युटरवर, दुसरी मालकांच्या आणि तिसरी कपाटावरच्या स्टोरेज बॉक्समध्ये. तिन्ही उघडून पाहिल्या. तिन्ही सारख्याच कोऱ्या, आणि तिन्हींवर 'सगळं अद्ययावत' म्हणणारी हिरवी खूण.

"मग एवढा खर्च करून बॅकअप घेतला कशाला?" मालक म्हणाले. खरं उत्तर असं होतं की बॅकअप कधी घेतलाच नव्हता. बसवलं होतं ते सिंक, आणि सिंकने आपलं काम चोख केलं होतं. चूक काही सेकंदांत तिन्ही ठिकाणी पोचवली होती.

या दोन गोष्टींतली गल्लत छापखान्यापुरती नाही. सीएच्या ऑफिसात, दवाखान्यात, फोटो स्टुडिओत, शाळेच्या कारकुनाच्या टेबलावर, जाईन तिथे ती भेटते. म्हणून तिच्या बाजूने जे जे सांगितलं जातं ते एकेक करून तपासू, आणि मग माझं म्हणणं मांडतो.

पहिलं म्हणणं असं: प्रती तीन आहेत, म्हणजे धोका तिपटीने कमी. प्रती एकमेकींपासून स्वतंत्र असत्या तर धोका त्याहूनही कमी झाला असता. सिंक केलेल्या प्रती स्वतंत्र नसतात. एकीला शिंक आली की तिघींना सर्दी. समोर तीन आरसे ठेवले म्हणून चेहऱ्यावरचा डाग कमी होत नाही. सिंक हा आरसा आहे, आत्ता काय आहे ते दाखवणारा. बॅकअप ही कीर्द आहे. कालची नोंद आज खोडायची नाही, चुकली तर खाली दुसरी नोंद करायची, हा तिचा नियम. दुकानाच्या भिंतीवर आरसा असावाच, पण म्हणून कोणी कीर्द लिहायची थांबवत नाही.

हे लहान ऑफिसांचं अडाणीपण आहे असं वाटत असेल तर 27 जून 2017 आठवा. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला आणि मर्स्क ही अवाढव्य जहाज कंपनी ठप्प झाली. आपल्या न्हावा-शेव्याला त्याच समूहाच्या टर्मिनलचं काम अडलं. कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोण कुठे शिरू शकतो याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. ते सतत एकमेकांशी सिंक होत, म्हणून एक गेला तरी बाकीचे आहेत असा हिशोब. सगळे एकाच वेळी जातील हा विचार हिशोबात नव्हता, आणि नेमके सगळे एकदम पुसले गेले. वाचला फक्त एक, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता. तिथलं इंटरनेट इतकं हळू की ती माहिती तारेतून पाठवायला फार दिवस लागले असते, म्हणून डिस्क माणसाच्या हाती देऊन नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला नेली. पुढे 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलं. त्या उभारणीच्या पायाशी होता तो वीज गेल्यामुळे वाचलेला एक सर्व्हर.

दुसरं म्हणणं: "आमच्या बॉक्समध्ये रेड आहे, दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जातं." रेड उत्तमच. बर्कलेच्या संशोधकांनी 1988 मध्ये ती मांडणी केली, तीही एखादी डिस्क मेली तरी काम थांबू नये म्हणून. पण पुसण्याची आज्ञा दिली की दोन्ही डिस्क एकदमच पुसल्या जातात. ती मोटारीतली स्टेपनी आहे. मोटार नदीत गेली तर स्टेपनीही नदीतच.

तिसरं म्हणणं वजनदार आहे आणि ते अर्धं मान्य करायला हवं: "ऑनलाइन ड्राइव्हवर जुन्या आवृत्त्या असतात, कचरापेटी असते." असतात. छापखान्यात त्या चालू असत्या तर मला रात्री कोणी बोलावलं नसतं. पण ही सोय मुदतीची आहे. गूगल ड्राइव्हची कचरापेटी 30 दिवसांनी रिकामी होते. तिथे चढवलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही साधारण 30 दिवस किंवा शंभर आवृत्त्यांपर्यंतच राहतात. आयकर खात्याची नोटीस मात्र दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हिशोबाबद्दल येते. एप्रिलमध्ये चुकून पुसलेलं फोल्डर सप्टेंबरच्या ऑडिटला आठवतं. शिवाय ड्राइव्हच्या खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती कचरापेटीही गेलीच.

चौथं म्हणणं मी सर्वात जास्त ऐकतो: "बॅकअपचं नंतर बघू, आधी हे सिंक नीट करा. अडकतं, फार हळू चालतं." तक्रार खरी असते आणि तिच्यावरच माझी चूल पेटते, म्हणून हिची उडवाउडवी करत नाही. हळू चालणाऱ्या सिंकमागे बहुधा फुटकळ कारण निघतं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या शाबूत लागतात. उंदराने एक तार कुरतडली किंवा खुर्चीच्या चाकाखाली ती तुटली की वेग गपचूप शंभर मेगाबिटवर उतरतो आणि अडीच तासांत जाणाऱ्या एक टीबीला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. आरसिंकसारखा प्रोग्राम एरवी फाइलचा आकार आणि बदलल्याची वेळ एवढंच पाहून ठरवतो की कॉपी करायची की नाही. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेला आणि घड्याळ मागच्या कुठल्या तरी साली गेलं की, 'नवी फाइल तीच खरी' असा पर्याय लावलेल्या सिंकमध्ये आज केलेलं काम जुनं ठरतं. बाहेरची डिस्क फॅट-32 असेल तर तिथे वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते; न बदललेल्या फाइलीही बदलल्यासारख्या दिसून रोज पुन्हा कॉपी होतात. एका सेकंदाचा फरक माफ करण्याचा पर्याय दिला की काम संपलं.

मराठीची स्वतःची दोन दुखणी आहेत आणि ती इंग्रजी मदतपुस्तिकांत सहसा सापडत नाहीत. पहिलं, 'कऱ्हाड हिशोब' नावाच्या फाइलीचं. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं: एकसंध, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असं सुटं. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था ते सुटं करून ठेवते, विंडोज जसं टाइप केलं तसं ठेवतं, आणि लिनक्सवर चालणाऱ्या स्टोरेज बॉक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. मग डोळ्यांना अगदी सारखी दिसणारी दोन 'कऱ्हाड हिशोब' एकाच फोल्डरमध्ये नांदतात आणि कारकून एकीत भर घालतो, साहेब दुसरी वाचतात. दुसरं दुखणं लांब नावांचं. लिनक्सवर फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलंत वेगळे धरून, तीन बाइट खातं. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. विंडोजवर 'वार्षिक सर्वसाधारण सभेचा सुधारित इतिवृत्तान्त' असं पुढे लांबत गेलेलं नाव चालून जातं, बॉक्सवर पोचता पोचत नाही, आणि नेमका तोच इतिवृत्तान्त मागे राहतो.

हे सगळं दुरुस्त करावंच. पण याने बॅकअप तयार होत नाही, एवढंच माझं म्हणणं. उलट, सिंक दुरुस्त करण्याच्या भरातच मोठे अपघात होतात. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीमध्ये मुख्य डेटाबेसची दुसरी प्रत मागे पडली होती. ती नव्याने भरण्यासाठी अभियंत्याने तिचं फोल्डर रिकामं करायला घेतलं आणि आज्ञा दिली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरलं होतं. बॅकअपचे रोजचे मार्ग एकामागून एक निकामी निघाले. रोजचा बॅकअप जिथे जायचा ती जागा रिकामीच होती. आवृत्ती जुळत नसल्याने तो होतच नव्हता आणि तसं कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. कामी आली ती त्याच अभियंत्याने चाचणीसाठी हाताने घेतलेली, सहा तास जुनी प्रत. ते सहा तास गेले, बाकी सगळं परत मिळालं.

घानात वीज गेली म्हणून, गिटलॅबमध्ये कुणाला चाचणी करायची होती म्हणून, पण दोन्हीकडे तारणारी प्रत मागे राहिलेलीच होती. यातूनच माझं मंडन निघतं: सिंकचं ट्यूनिंग वेगासाठी करा, बॅकअपचं मात्र विलंबासाठी. मागे राहणं हा सिंकचा दोष असला तरी बॅकअपचा तो धर्म आहे, आणि तो नशिबावर न सोडता आखून ठेवायचा.

आखणी फार अवघड नाही. आरसिंक 1996 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियात बनवला आणि तो फुकट मिळतो. त्यातल्या लिंक-डेस्ट पर्यायाने रोज रात्री तारखेच्या नावाचं पूर्ण फोल्डर तयार होतं, पण न बदललेल्या फाइली नवी जागा खात नाहीत. तीस दिवसांची तीस फोल्डरं एकाहून थोड्याच जास्त जागेत मावतात. डिलीट पर्याय लावण्याआधी ड्राय रन करून काय पुसलं जाणार ते वाचायचं. वाट लिहिताना शेवटची तिरकी रेघ आहे की नाही हेही पाहायचं. एका रेघेने फोल्डर जातं की फोल्डरच्या आतलं, एवढा फरक पडतो. बॅकअपच्या यंत्राने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून फाइली ओढून घ्याव्यात. ऑफिसच्या कॉम्प्युटरला त्या यंत्रावर लिहिता येऊ नये, म्हणजे तिथे शिरलेला खंडणीखोर व्हायरस इथवर पोचत नाही.

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं त्यांना 'दुसरं ठिकाण' म्हणजे वरची फळी नव्हे, हे सांगावं लागत नाही. आणि बॅकअप झाला नाही तर कळवा, असं यंत्राला सांगू नका. झाला की रोज कळवा, असं सांगा. ज्या सकाळी निरोप येणार नाही त्या सकाळी उठून बघायचं. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत आणून उघडायची. जी प्रत उघडून पाहिली नाही ती प्रत नव्हे, समजूत.

छापखान्याचं काय झालं ते राहिलं. मुद्रितशोधन करणाऱ्या ताई घरच्या लॅपटॉपवर काम करत. त्यांचं सिंक आठवडाभर बंद पडलं होतं, आणि ते बघून जा म्हणून मालकांनी मला दोनदा सांगूनही मी गेलो नव्हतो. रात्री अकराला त्यांना फोन केला. "ताई, लॅपटॉप उघडू नका. आधी घरातला राउटर बंद करा." राउटर बंद झाला, मग झाकण उघडलं. एकोणीस पानं जशीच्या तशी सापडली. उरलेली पाच त्या मुलाने पहाटेपर्यंत पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "आता तरी ताईंचं सिंक दुरुस्त करा." करतो म्हटलं, पण आधी एक नवा बॉक्स आणू, मुद्दाम एक दिवस मागे राहणारा. मग ताईंचं सिंक खुशाल धावू दे.