शब्द एक, प्राणी दोन

छर्ऱ्याच्या बंदुकीने शेतातील ससे मारण्याच्या बाजूने मांडला जाणारा पूर्वपक्ष थोडक्यात असा : ससा पिकाचा शत्रू आहे, शेत शेतकऱ्याच्या मालकीचे आहे आणि दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा फेकणाऱ्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, मग पनवेल तालुक्यातील नावड्यासारख्या गावी भातकापणीनंतर पेरलेल्या वालाचे कोंब खाणारा ससा टिपला, तर बिघडले कुठे? यातील एकेक विधान सुटे घेतले तर पटण्याजोगे वाटते. परंतु तिन्ही विधाने ज्या शब्दावर उभी आहेत, तो ‘ससा’ हा शब्दच येथे दगा देतो.

मराठीत ‘ससा’ म्हटले की दोन वेगळे प्राणी एकाच नावाखाली येतात. पहिला युरोपातील बिळात राहणारा रॅबिट. तो कळपाने राहतो, जमीन पोखरतो आणि त्याची प्रजा झपाट्याने वाढते; 1859 मध्ये ऑस्ट्रेलियात हौसेखातर सोडलेल्या दोन डझन सशांच्या वंशाने पुढे तो खंड हैराण केला, तर ब्रिटनमध्ये 1954 च्या कायद्याने रॅबिटच्या बंदोबस्ताची जबाबदारी जमीनधारकावरच टाकली. छर्ऱ्याच्या बंदुकीने ससे मारण्याची शेतावरची रीत तिकडची आहे आणि तिला तिकडे काही आधारही आहे. दुसरा प्राणी म्हणजे आपल्या माळरानांवरचा, काळसर मानेचा भारतीय ससा. तो बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या मापाचा उथळ खळगा करून दिवसभर त्यात दबून बसतो, बहुधा एकटाच राहतो आणि त्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी, केसाळ अंगानेच जन्माला येतात. पहिल्याचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारणे, हाच या पूर्वपक्षातील मूळ हेत्वाभास, म्हणजे वरून कारणासारखी दिसणारी पण सिद्धान्ताला आधार न देणारी सबब, होय.

दुसरा आक्षेप शस्त्राविषयीचा. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटर व्यासाची आणि नळीच्या तोंडाशी 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा देणारी हवाबंदूक परवान्यातून मुक्त आहे. पण ही मोकळीक बंदूक बाळगण्याची आहे, प्राणी मारण्याची नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. भारतीय ससा पूर्वी त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, होता. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आल्यावर तो दुसऱ्या अनुसूचीत गेला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शेत स्वतःच्या मालकीचे असले तरी त्यातला रानससा मालकीचा होत नाही.

शिवाय हे शस्त्र या कामाला पुरतही नाही. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा छर्रा दहा मीटरवरचा कागदी लक्ष्यपट नेमका भेदतो, कारण तेच त्याचे काम आहे. दोन-तीन किलोंचा ससा मात्र छर्रा डोक्यात अचूक बसल्याखेरीज जागीच पडत नाही. छर्रा पोटात किंवा मांडीत बसला, तर जनावर गवतात शिरते आणि तेथे तडफडत मरते. चुकलेला छर्रा शेदीडशे मीटर सहज जातो, आणि एकीकडे तळोजे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे मुंब्रा-पनवेल रस्ता आणि मधे सिडकोच्या इमारती असलेल्या नावड्यात तेवढे अंतर निर्मनुष्य मिळणे कठीण.

माधव गाडगीळ यांच्यासारख्या पर्यावरणशास्त्रज्ञाने याच वन्यजीव संरक्षण कायद्यावर कठोर टीका करून नियंत्रित शिकारीची बाजू मांडली, हा प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार आधार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण त्यांच्या मांडणीचा रोख रानडुकरांसारख्या, माणसालाही धोका असणाऱ्या प्राण्यांवर आणि स्थानिक समाजाच्या अधिकारावर होता. हौशी नेमबाजाला त्यातून मुखत्यारपत्र मिळत नाही.

याचा अर्थ शेतकऱ्याचे नुकसान खोटे, असा नव्हे. मात्र ते कोणी केले, हे आधी ठरवावे लागते. सशाला वरखाली दोन्हीकडे धारदार पुढचे दात असल्याने त्याने खाल्लेल्या कोंबाचा छेद विळ्याने तिरका घेतल्यासारखा स्वच्छ असतो आणि आसपास गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या दिसतात. गुरांना वरचे पुढचे दात नसतात, म्हणून त्यांनी ओढलेला देठ फाटतो. बांधाला भोके दिसली, तर चोर उंदीर. कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाला धोका असल्यास वन अधिकाऱ्याकडून लेखी परवानगीची वाटही आहे, पण सशासाठी तिथवर जाण्याची वेळ क्वचितच यावी. बीळ खणत नसल्यामुळे या प्राण्यासाठी जाळी जमिनीत पुरावी लागत नाही. कमरेपर्यंत उंच कोंबडजाळी किंवा कोकणात पूर्वापार घालतात तशी काट्यांची दाट वई, खालची फट बुजवून, पुरेशी ठरते. तीही सगळ्या शिवाराला नको, फक्त वालाच्या वाफ्याला आणि तीही कोंब कोवळे असेपर्यंत. वेल वाढला की ससा गवताकडे वळतो आणि पोपटीच्या, म्हणजे शेंगा भाजण्याच्या, मडक्यात भरायच्या शेंगा निर्वेध धरतात.